कोब्रा चालू होता, तरी मेडिकेअरची मुदत निघून गेली: एडिसनमधल्या एका काकांचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४च्या मध्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका काकांच्या घरी त्यांच्या कोब्राच्या, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेल्या कंपनीच्या विम्याच्या, योजनेचं दोन पानी पत्र आलं. जुलैमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन दोन स्टेंट बसले होते आणि त्याची बिलं योजनेने भरलीही होती. पत्रात लिहिलं होतं की तुम्ही मेडिकेअरला, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याला, पात्र आहात, त्यामुळे सप्टेंबर २०२३पासून तुमची बिलं भरण्याची पहिली जबाबदारी मेडिकेअरची आणि दुसरी आमची. मेडिकेअरने जेवढे पैसे दिले असते तेवढे आम्ही रुग्णालय आणि डॉक्टरांकडून परत मागवत आहोत.

काकांकडे मेडिकेअरचं कार्डच नव्हतं.

मी शिप या सरकारी कार्यक्रमात स्वयंसेवक आहे. मेडिकेअरबद्दल मोफत सल्ला देणारा हा कार्यक्रम प्रत्येक राज्यात असतो आणि त्यासाठी आम्हाला रीतसर प्रशिक्षण देतात. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, जरा घरी येशील का? ह्यांना झोप लागत नाहीये." त्या दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, हे प्रकरण इथे मांडते आहे. निवृत्तीच्या आसपास मेडिकेअर घेताना होणारी सगळ्यात महागडी चूक यात आहे. आणि ती अशा माणसाच्या हातून झाली, ज्याने पंचवीस वर्षांत एकही विमा कधी चुकवला नव्हता.

काय घडलं होतं

काका १९९८ साली एच-१बीवर आले. सॉफ्टवेअरमधली नोकरी, पुढे ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व. जन्म सप्टेंबर १९५७चा, म्हणजे २०२२च्या सप्टेंबरात ते ६५ वर्षांचे झाले. मेडिकेअरची पहिली मुदत सात महिन्यांची असते: पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. त्यांच्या बाबतीत जून ते डिसेंबर २०२२. (वाढदिवस महिन्याच्या १ तारखेला असेल तर हे सगळं एक महिना आधी सरकतं. आपल्याकडे शाळेत घालताना जन्मतारीख १ जून लावलेली मंडळी कमी नाहीत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

त्या सात महिन्यांत काकांनी काही केलं नाही, आणि त्यात काही चुकलं नव्हतं. ते नोकरीत होते, कंपनीत वीसपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती आणि विमा नोकरीमुळे मिळालेला होता. अशा माणसाला पार्ट बी, म्हणजे डॉक्टर, तपासण्या आणि रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार यांचा विमा, दंडाशिवाय पुढे ढकलता येतो. कंपनी वीसपेक्षा लहान असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे ६५ झाल्यावर मेडिकेअर पहिला आणि कंपनीचा विमा दुसरा, म्हणून नोकरीत असतानाही मेडिकेअर घ्यावाच लागतो. रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देणारा पार्ट ए काकांना फुकट मिळाला असता, पण तोही त्यांनी घेतला नाही. त्यांचं एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठी करमुक्त पैसे साठवण्याचं खातं होतं, आणि मेडिकेअरचा कुठलाही भाग सुरू झाला की त्या खात्यात पैसे टाकता येत नाहीत. हाही निर्णय बरोबर होता.

३१ ऑगस्ट २०२३ हा कामाचा शेवटचा दिवस. त्याआधी दोन आठवडे काकांनी एचआरला ईमेल करून सरळ विचारलं होतं: मी आता मेडिकेअर घेऊ का? उत्तर आलं की तुम्ही कोब्रा घेत आहात, तो कंपनीचाच विमा आहे, तो चालू असेपर्यंत मेडिकेअर घेण्याची गरज नाही आणि नंतर घेतलात तरी दंड लागणार नाही.

काकांना ते पटलं. तोच विमा, तेच कार्ड, तेच डॉक्टर. काकू त्यांच्यापेक्षा अडीच वर्षांनी लहान, त्यांना मेडिकेअर मिळायला अजून दीड वर्ष होतं. दोघांचा कोब्रा १८ महिन्यांचा, २८ फेब्रुवारी २०२५पर्यंत. काकू मार्च २०२५मध्ये ६५च्या होणार. कोब्रा संपेल त्याच वेळी दोघंही मेडिकेअरमध्ये जातील, असा त्यांचा हिशोब. महागडा होता, कारण कोब्रामध्ये आपला वाटा आणि आजवर कंपनी भरत होती तो वाटा असं सगळं आपल्यालाच भरावं लागतं, वर दोन टक्के प्रशासकीय खर्च. पण पैसे साठवलेले होते. कागदावर हा हिशोब इतका नीट बसत होता की मीही एजंट किंवा नातेवाईक म्हणून तो ऐकला असता तर मान डोलावली असती.

कुठे चुकलं

नोकरी किंवा नोकरीमुळे मिळणारा विमा, यांतलं जे आधी संपेल त्यानंतर आठ महिन्यांची खास मुदत मिळते. त्या आठ महिन्यांत पार्ट बी घेतला तर दंड नाही. कायद्यातला कळीचा शब्द आहे तो "चालू नोकरी". स्वतःची किंवा जोडीदाराची, पण चालू. कोब्रा हा नोकरी सुटल्यावरचा विमा आहे. निवृत्तांना काही कंपन्या जो विमा देतात, तोही तसाच. कार्ड तेच असलं, विमा कंपनी तीच असली, हप्ता वेळेवर जात असला, तरी मेडिकेअरच्या दृष्टीने ३१ ऑगस्ट २०२३ला काकांचा नोकरीचा विमा संपला. आठ महिने १ सप्टेंबरला सुरू झाले आणि ३० एप्रिल २०२४ला संपले. काका त्या एप्रिलमध्ये पुण्यात होते, भाच्याच्या लग्नाला.

हा गोंधळ का होतो, याचं एक कारण मला शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं, दहाबारा घरांत बसल्यावर कळलं. औषधांचा पार्ट डी वेगळ्या नियमाने चालतो. तिथे तुमच्याकडे सरकारच्या मापाला उतरणारा औषधविमा असला की पुरे, मग तो नोकरीचा असो की कोब्राचा. तो सलग ६३ दिवस नसेल तरच दंड सुरू होतो. काकांच्या कोब्रातला औषधविमा मापात बसत होता आणि तसं पत्र त्यांना दर शरद ऋतूत येतही होतं. म्हणजे "कोब्रा असताना दंड लागत नाही" हे वाक्य पार्ट डीसाठी खरं आणि पार्ट बीसाठी खोटं. एचआरमधल्या व्यक्तीने एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं असावं असा माझा अंदाज. वाईट हेतू मला कुठे दिसला नाही, पण ज्याला उत्तर दिलं त्याचं नुकसान हेतू बघून होत नाही.

दुसरं कारण जुनं आहे. लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ला मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली तेव्हा सोशल सिक्युरिटीचं पूर्ण पेन्शनही ६५लाच मिळायचं. पेन्शन आणि विमा एकाच दारातून यायचे. १९८३च्या कायद्याने पेन्शनचं वय हळूहळू ६७कडे सरकवलं, मेडिकेअरचं मात्र ६५च राहिलं. आजही जो माणूस ६५च्या आधीपासून सोशल सिक्युरिटी घेतो आहे, त्याला मेडिकेअरचं कार्ड आपोआप टपालाने येतं. पण काकांसारखी माणसं, ज्यांचं पूर्ण पेन्शनचं वय साडेसहासष्ट आहे आणि जी रक्कम वाढावी म्हणून ७०पर्यंत थांबणार आहेत, त्यांना काहीच येत नाही. त्यांनी स्वतः अर्ज करायचा असतो. विमा कंपन्यांच्या जाहिराती ढिगाने येतात, आणि त्या इतक्या येतात की माणूस सगळ्याच पाकिटांना एकाच मापाने मोजून कचऱ्यात टाकतो.

काकूंची निळी फाइल

मी घरी गेले तेव्हा काका टेबलावर कागद पसरून बसले होते. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "अगं, मी विचारलं होतं. मी लेखी विचारलं होतं." ते तीनदा म्हणाले. कंपनीचं ईमेल खातं शेवटच्या दिवशी बंद झालं होतं, त्यामुळे ते उत्तर आपल्याकडे नाही असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

काकू उठल्या आणि आतून निळी फाइल घेऊन आल्या. त्यांनी पुण्यात अकरा वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि इथे ग्रीन कार्ड मिळाल्यावर सहा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काम केलं होतं. कागद छापून, भोकं पाडून, तारीखवार लावण्याची त्यांची सवय. काकांनी निवृत्तीच्या आठवड्यात घरी छापलेल्या बऱ्याच कागदांमध्ये एचआरचं ते उत्तर होतं, नावासकट, तारखेसकट.

त्या एका कागदावर पुढचं सगळं अवलंबून होतं. २०२३च्या आधी असा कागद असून फारसा उपयोग नव्हता. सरकारी कर्मचाऱ्याने चुकीची माहिती दिली तर दाद मागता यायची, कंपनीने दिली तर नाही. १ जानेवारी २०२३पासून काही अपवादात्मक परिस्थितींसाठी नव्या खास मुदती आल्या, त्यांतली एक नेमकी हीच आहे: मालक किंवा विमा योजना यांनी चुकीची माहिती दिल्यामुळे नोंदणी राहून गेली असेल तर. ज्या दिवशी तुम्ही सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाला (मेडिकेअरची नोंदणी तेच करतं) हे कळवता त्या दिवसापासून सहा महिने मिळतात, आणि या मुदतीत घेतलेल्या पार्ट बीवर दंड लागत नाही. चुकीची माहिती १ जानेवारी २०२३ला किंवा त्यानंतर दिलेली असली पाहिजे. इथे ती ऑगस्ट २०२३मध्ये दिली होती. आणि माहिती चुकीची दिलेली असली पाहिजे, नुसती दिली नाही एवढं चालत नाही. काकांनी विचारलंच नसतं आणि एचआर गप्प राहिला असता, तर ही वाट बंद होती.

अर्ज करण्याआधी पाहिलेला एक शब्द

अर्ज भरायला बसण्याआधी मी जुलैचे रुग्णालयाचे कागद मागितले आणि एकच शब्द शोधला: काका "इनपेशंट" होते की "ऑब्झर्व्हेशन"वर होते. रुग्णाला फरक कळत नाही. तोच पलंग, तीच नर्स, हाताला तीच सलाइन. पण ऑब्झर्व्हेशनवर ठेवलेला माणूस मेडिकेअरच्या लेखी बाह्यरुग्ण असतो, मग त्याने तिथे दोन रात्री काढल्या असल्या तरी. त्याचं बिल पार्ट बीकडे जातं. दाखल केलेल्याचं रुग्णालयाचं बिल पार्ट एकडे.

हे इतकं महत्त्वाचं का, तर पार्ट ए मागच्या तारखेने मिळू शकतो. ज्याने चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षं, मेडिकेअरचा कर भरून काम केलं आहे, त्याला पासष्टीनंतर केव्हाही अर्ज केला तरी फुकटचा पार्ट ए सहा महिने मागे जाऊन सुरू होतो, फक्त पासष्टीच्या मागे जात नाही. पार्ट बी असा मागे जात नाही, तो अर्जाच्या पुढच्या महिन्यापासूनच. काका ९ जुलैला दाखल झाले होते. १२ नोव्हेंबरला अर्ज केला तर पार्ट ए १ मेपासून. कागदावर "इनपेशंट" लिहिलं होतं, तीन रात्री. मी काकूंना तो शब्द बोटाने दाखवला. अर्ज, सगळे सांगत होते तसा, दरवर्षी जानेवारी ते मार्च चालणारी "सर्वसाधारण नोंदणी" उघडल्यावर केला असता आणि फेब्रुवारी उजाडला असता, तर जुलै त्या सहा महिन्यांच्या बाहेर गेला असता.

म्हणून आम्ही थांबलो नाही. पार्ट ए आणि बीचा अर्ज, अपवादात्मक मुदतीसाठीचा सीएमएस-१०७९७ हा फॉर्म, नोकरी आणि विमा ऑगस्ट २०२३पर्यंत होता हे कंपनीकडून लिहून घेण्याचा सीएमएस-एल५६४, ईमेलची प्रत, कोब्राचं सुरुवातीचं पत्र आणि एका पानात तारखावार हकिगत. ती हकिगत काकांनी आधी चार पानांची लिहिली होती, मनस्तापासकट. मी त्यांना विनंती केली की मनस्ताप माझ्याकडे ठेवा, त्यांना फक्त तारखा द्या. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात दोघं भेटीची वेळ घेऊन गेले आणि प्रत्येक कागदाची पोच घेतली.

जानेवारीअखेर कार्ड आलं. पार्ट ए १ मे २०२४पासून, पार्ट बी १ डिसेंबर २०२४पासून. दंड नाही.

दंड लागला असता तर किती? नोकरीचा विमा संपल्यापासूनचे महिने मोजतात आणि दर पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्यावर दहा टक्के लावतात. जानेवारी २०२५मध्ये अर्ज केला असता तर सतरा महिने, म्हणजे एक पूर्ण वर्ष, म्हणजे दहा टक्के. २०२५चा साधा हप्ता १८५ डॉलर, त्यावर साडेअठरा. ऐकायला फार नाही. पण तो पार्ट बी आहे तोवर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर चालतो, आणि हप्ता वाढेल तसा वाढतो. मला माझ्या घरांमध्ये दंडापेक्षा जास्त भीती वाटते ती मधल्या काळाची, ज्या महिन्यांत माणसाकडे विमा असल्यासारखा दिसतो आणि नसतो.

बिलांचं काय झालं

रुग्णालयाने बिल मेडिकेअरकडे पाठवलं. सेवेच्या तारखेपासून साधारण एक वर्षाच्या आत ते पाठवावं लागतं, त्यामुळे काकूंनी बिलिंग विभागाला दर आठवड्याला फोन केला आणि ज्याच्याशी बोलल्या त्याचं नाव फाइलीत लिहिलं. पार्ट एने रुग्णालयाचं बिल भरलं. २०२४ची पार्ट एची वजावट, म्हणजे मेडिकेअरने पैसे देण्याआधी रुग्णाने भरायची रक्कम, १,६३२ डॉलर होती, ती कोब्राने दुसरा विमा म्हणून दिली.

डॉक्टरांची बिलं राहिली. हृदयरोगतज्ज्ञ, तातडीच्या कक्षातले डॉक्टर, नंतरच्या तपासण्या आणि हृदयाच्या पुनर्वसनाची सत्रं हे सगळं पार्ट बीचं, आणि तेव्हा पार्ट बी नव्हता. पार्ट बी असता तर त्याने साधारण ८० टक्के दिले असते, म्हणून कोब्राने उरलेल्या २० टक्क्यांचीच जबाबदारी घेतली. योजनेच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं, एकशे काही पानांत कुठेतरी. काकांच्या वाट्याला सहा हजार डॉलरांहून थोडे जास्त आले. एका डॉक्टरांच्या कार्यालयाने मेडिकेअरच्या दरापर्यंत बिल कमी केलं, दुसऱ्याने बिनव्याजी हप्ते बांधून दिले. ते पैसे गेले ते गेलेच; ते परत मिळवून देणारा नियम मला सापडला नाही.

एचएसएचाही हिशोब करावा लागला. पार्ट ए मागे जाऊन मेपासून सुरू झाल्यामुळे, मे ते नोव्हेंबर या काळात काकांनी खात्यात टाकलेले पैसे जास्तीचे ठरले. ते कर भरण्याच्या तारखेआधी, त्यांवरच्या व्याजासकट, काढून घ्यावे लागले. ज्यांचं एचएसए आहे आणि जे पासष्टीनंतर काम करत आहेत त्यांनी मेडिकेअरचा किंवा सोशल सिक्युरिटीचा अर्ज करण्याच्या सहा महिने आधीच त्यात पैसे टाकणं थांबवावं, याच कारणाने.

मेडिगॅप की ॲडव्हान्टेज

इथे काका आणि माझं पटत नव्हतं. मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या योजना खासगी कंपन्या चालवतात, त्यांपैकी बऱ्याच योजनांना वेगळा हप्ता नसतो, वर दात आणि चष्म्याचंही थोडं मिळतं, जे मूळ मेडिकेअर देत नाही. एवढा खर्च झाल्यावर काकांना शून्य हप्ता आवडणं साहजिक होतं. पण पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाला की पहिले सहा महिने मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअर भरत नाही तो वाटा भरणारा खासगी पूरक विमा, देणाऱ्या कंपन्या तुमची तब्येत विचारू शकत नाहीत. दोन स्टेंट असले तरी नाकारू शकत नाहीत, जास्त हप्ता लावू शकत नाहीत. न्यू जर्सीत ही संधी गेली की बहुतेक परिस्थितींत पुन्हा येत नाही. काकांची ती खिडकी १ डिसेंबर ते ३१ मे. मी त्यांना म्हटलं, "काका, ॲडव्हान्टेज दर शरदात घेता येईल. मेडिगॅप दोन स्टेंट घेऊन पुन्हा मागायला गेलात तर कदाचित कोणी उभं करणार नाही."

दुसरा मुद्दा पुण्याचा. दोघं दर हिवाळ्यात कोथरूडला तीन-चार महिने राहतात. मेडिकेअर भारतात चालत नाही, हे आपल्या लोकांना विमानात बसल्यावर आठवतं. मेडिगॅपच्या प्लॅन जीमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांसाठी थोडी सोय आहे: २५० डॉलर वजावटीनंतर ८० टक्के, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलरपर्यंत. म्हणजे चार महिन्यांच्या मुक्कामातला निम्मा काळ उघडाच राहतो, त्यासाठी वेगळा प्रवास विमा लागतो. ॲडव्हान्टेजमध्ये तर योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं की नावच काढलं जाऊ शकतं. काकांनी प्लॅन जी घेतला. पार्ट बीची २०२५ची २५७ डॉलरांची वजावट तेवढी त्यांना भरावी लागली. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या महाग आहेत, पण पार्ट डीमध्ये औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला २०२५पासून वार्षिक मर्यादा आली, त्या वर्षी ती २,००० डॉलर होती.

एक धक्का अजून यायचा होता. २०२५चा हप्ता १८५ नाही तर २५९ आला, पार्ट डीवरही १३.७० डॉलर जास्त. मेडिकेअर हप्ता ठरवताना दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतं, आणि २०२३मध्ये आठ महिन्यांच्या पगाराबरोबर काकांनी वडिलांकडून आलेला पुण्यातला एक फ्लॅट विकला होता. भारतातला नफाही अमेरिकेच्या विवरणपत्रात येतो, आणि जोडप्याचं उत्पन्न २०२५च्या जादा हप्त्यासाठीच्या २,१२,००० डॉलरांच्या मर्यादेवर गेलं. फ्लॅट विकला हे कारण देऊन सूट मिळत नाही. नोकरी थांबली या कारणाने मिळते. एसएसए-४४ हा फॉर्म, निवृत्तीचं पत्र आणि २०२४च्या कमी उत्पन्नाचे आकडे दिल्यावर हप्ता १८५वर आला. निवृत्तीच्या आसपास गावाकडची जमीन किंवा शहरातलं घर विकायचा विचार असेल तर कोणत्या वर्षी विकतो आहोत हे एकदा कॅलेंडरवर पाहावं.

काकू

काकूंना वाटत होतं की त्यांना पार्ट ए विकतच घ्यावा लागेल. इथली सहा वर्षं म्हणजे २४ क्रेडिट, ४० होत नाहीत. पुण्यातली अकरा वर्षं मोजली जात नाहीत, कारण भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा तसा करार नाही. स्वतः विकत घ्यायचा तर त्यांच्या क्रेडिटवर २०२५चा पार्ट एचा हप्ता महिना ५१८ डॉलर. पण नवऱ्याचे चाळीस क्रेडिट पूर्ण आहेत आणि तो ६२च्या वर आहे, म्हणून त्याच्या नोंदीवर त्यांना पार्ट ए फुकट मिळतो. लग्नाचं प्रमाणपत्र लागलं; एच-४ व्हिसाच्या वेळी पुण्यात काढलेलं होतं, फाइलीतच.

"माझ्या जाऊबाईंचंही असंच होईल ना?" त्यांनी विचारलं. जाऊबाई आपल्या मुलाकडे ग्रीन कार्डवर आल्या आहेत, इथे कधी काम केलेलं नाही, यजमानांनीही नाही. त्यांना ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही, आणि मुलाचे क्रेडिट आईला लागू होत नाहीत. काकूंनी तेही लिहून घेतलं.

काकांचा कोब्रा योजनेने ३० नोव्हेंबरला बंद केला, कारण कोब्रा सुरू झाल्यानंतर मेडिकेअर मिळाला की योजनेला तसं करता येतं. काकूंचा मात्र ठरल्याप्रमाणे २८ फेब्रुवारीपर्यंत चालू राहिला. त्यांची सात महिन्यांची मुदत डिसेंबरमध्ये उघडली आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज भरला, मी शेजारी नुसती बसले होते. १ मार्च २०२५पासून त्यांचा मेडिकेअर सुरू झाला, एका दिवसाचीही फट न पडता.

काकांनी एचआरला एक पत्र पाठवलं. त्यात भांडण नव्हतं. त्यांच्यानंतर कंपनीतून आणखी चौघं पासष्टीपुढचे निवृत्त झाले होते, त्यांना तेच उत्तर गेलं आहे का ते पाहा आणि गेलं असेल तर त्यांना आजच कळवा, एवढंच लिहिलं होतं. तिघांशी त्यांनी स्वतः फोनवर बोलून घेतलं. त्यांतल्या एकाचे आठ महिने संपायला अजून तीन आठवडे होते.